मातीचं वायसर

त्या घरात राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात बादली शोधत होते. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "निळी नको घेऊ. निळीत झरी हाये."

मी निळीत डोकावले. तळाशी गाळ आणि वर गढूळ पाणी होतं. शेजारच्या हिरवीतही तसंच.

"हिरवीत राळेगाव," बाहेरून खुलासा आला. "लाल तुह्यासाठी रिकामी केली. तिच्यात पांढरकवडा होता, पन तो काही खास नाही निंगाला."

घरमालकीणबाईंशी झालेलं माझं हे पहिलं सविस्तर संभाषण. लाल बादलीनं मी आंघोळ केली खरी, पण पुढचे दोन दिवस केसांतून पांढरकवडा निघत होता.

मी साताऱ्याकडची. यवतमाळच्या कॉलेजात इतिहास शिकवायला नुकतीच लागले होते. त्याच कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या. मॅडम म्हणवून घेणाऱ्या आम्ही सात-आठ जणी होतो, पण नुसतं 'मॅडम' म्हटलं की ते त्यांचंच नाव असे. आम्हा बाकीच्यांना आपापले विषय जोडून घ्यावे लागत. पन्नाशीच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, घोट्याच्या वर खोचलेली सुती साडी, मनगटावर वडिलांचं घड्याळ आणि बुडाखाली लूना. लग्न केलेलं नव्हतं. का, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. म्हणाल्या, "एक जन आलता पाहाले. म्या त्याले इचारलं, तुमच्याकडची माती कशी हाये? तर म्हने, कधी पाहिली नाही. आता वावरातून चालत आलेला मानूस असं बोलते तं काय करता?"

बादल्यांतली ती गावोगावची माती हा त्यांचा जीव होता, पण शेतकऱ्याचा असतो तसा नव्हे. कुठंही गेल्या की वाकून चिमूटभर उचलायच्या, थुंकीनं ओली करायच्या आणि अंगठ्यानं बोटावर पसरायच्या. कुणाच्या अंत्ययात्रेतही हे करताना मी त्यांना पाहिलंय. त्या भागातली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की बैलाचा पाय अडकावा, आणि पावसाळ्यात अशी फुगते की घराच्या भिंतीला तडा जावा. लोक तिला शिव्या घालायचे. मॅडम म्हणायच्या, फुगते म्हणजे तिच्या पोटात काहीतरी आहे. तिच्या पोटात पानं असतात, पुस्तकासारखी एकावर एक, डोळ्याला कधी दिसणार नाहीत इतकी पातळ. पाणी त्या पानांत शिरतं. मग रबर का नाही शिरणार?

हा त्यांचा प्रश्न होता आणि तो त्यांच्या आयुष्यात माझ्या आधीपासून राहायला होता.

रबरात ही पानं नीट पसरली, तर रबर चिवट होतं आणि तेल, औषध, वायू त्यातून सहजी पार जात नाहीत. हे मला त्यांनी आठवडी बाजारावरून समजावलं. मोकळा रस्ता असला की माणूस झपकन पलीकडे पोचतो. तोच भाजीवाले, बांगडीवाले, मिरचीची पोती यांच्यामधून जायचा म्हटला, तर अर्धा तास लागतो. "रबरात बाजार भरवाचा हाये मले," त्या म्हणायच्या.

रबराचा चीक केरळातून नागपूरला यायचा. तिथून तो एसटीनं आणायला एकदा मी त्यांच्यासोबत गेले आणि पुन्हा कधी गेले नाही. तो दिसायला दुधासारखा असतो, पण नासू नये म्हणून त्यात अमोनिया घातलेला असतो. कळंबच्या अलीकडे डब्याचं झाकण ढिलं झालं. आधी लोकांनी एका तान्ह्या बाळाच्या आईकडे पाहिलं, मग टोपलीवाल्या म्हाताऱ्याकडे. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. मॅडम उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की माझं आहे. काय आहे? दूध. कशाचं? झाडाचं. कंडक्टरनं आणखी काही न विचारता आम्हा दोघींना डब्यासकट रस्त्यावर उतरवलं. आम्ही यवतमाळात शिरलो ते कापूस भरलेल्या मॅटाडोरच्या टपावर बसून. मॅडम वाटभर खुशीत होत्या. एसटीपेक्षा बैठक मऊ आहे म्हणाल्या.

घराच्या अंगणात कपड्यांच्या दोऱ्या होत्या, पण त्यांवर कपडे क्वचित असत. आंबट टाकून गोठवलेल्या चिकाच्या पोळ्या लाटून त्या तिथं वाळत घालत. पहिली दोन वर्षं त्या पोळ्यांत मातीचे गोटेच गोटे असत. माती पाण्यात सुखानं राहायची, चीकही पाण्यात सुखानं राहायचा, पण पाणी निघून गेलं की दोघांचं बिनसायचं. माती एकीकडे गोळा होऊन बसायची, रबर दुसरीकडे. "एका ताटात जेवतच नाही दोघं," मॅडम म्हणायच्या. "मधात कोनी तरी पायजे. दोघांच्या ओळखीचं."

हा मधला माणूस तयार करण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. थोडा चीक वेगळा काढायचा, त्यात दोन औषधं हळूहळू सोडून त्याचा स्वभाव जरासा बदलायचा, म्हणजे तो रबराच्याच घरातला राहतो, पण मातीशीही त्याची बोलाचाल होते. मग तो दोघांच्यात सोडायचा. लग्नात मुलीमागे मामा उभा राहतो, तसं. म्हणून त्याचं नावच मामा पडलं. आज मामा बिघडला, आज मामा जास्त झाला, अशी भाषा घरात चाले.

त्याच उन्हाळ्यात माझी आई आठवडाभर आली होती. भर दुपारी ती ओसरीवर तांदूळ निवडत असताना आतून मॅडमनी मला हाक मारली, "अवं, मामाले उन्हातून आत घे. कडक होऊन राह्यला तो." आईचा हात सुपातच थांबला. घरात अंथरुणाला खिळलेला कुणी म्हातारा आहे आणि या दोघी त्याला अंगणात टाकून विसरतात, अशी तिची खात्री पटली. मी दोरीवरची पिवळट पोळी काढून आत नेली, तेव्हा ती पोळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिली. साताऱ्याला जाऊन तिनं माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली.

एका वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून समिती आली. मॅडम तेव्हा फवारणीसाठी हातमोजे करत होत्या. त्यासाठी सुताराकडून लाकडी हात करून घेतले होते. ते त्यानं सगळे उजवेच केले, त्यामुळे मॅडमचे सगळे मोजे उजव्या हाताचे. समितीला दाखवायला त्यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीला दोन मोजे टांगले, एक बाजारातला आणि एक मातीचा, आणि दोन्हींत रॉकेल भरलं. समितीचे अध्यक्ष ग्रंथालयाविषयी बोलत होते. त्यांच्या मागे बाजारातला मोजा फुगत चालला. आधी म्हशीच्या कासेसारखा झाला, मग त्याची पाची बोटं ताठ उभी राहिली. प्राचार्यांना ते दिसत होतं, पण अध्यक्षांचं वाक्य तोडायचं कसं? मोजा फुटला तेव्हा रॉकेल अध्यक्षांच्या बुटांवर गेलं. मॅडम धावल्या, पण बुटांकडे नाही, दुसऱ्या मोज्याकडे. त्याला खालून तळहात लावून म्हणाल्या, "हा पाहा. फुगला हाये, नाही म्हनत नाही. पन धरून हाये."

अध्यक्षांना रबरातलं कळत होतं. बूट पुसत त्यांनी विचारलं, की हे काम कारखान्यात बनणारं नायट्राइल रबर सहज करतं, मग एवढा खटाटोप कशाला? मॅडमनी त्यांना विचारलं, ते राळेगावच्या दुकानात मिळतं का? त्यांना माहीत नव्हतं.

नंतर घरी चहा पिताना मी अध्यक्षांना नावं ठेवायला लागले, तर मॅडमनीच मला थांबवलं. "तो बरोबर बोलला. फक्त राळेगावले जाऊन नाही बोलला."

राळेगावच्या अलीकडे मॅडमचं वडिलोपार्जित वावर होतं. वासुदेव आणि शेवंता हे जोडपं ते बटईनं, निम्म्या वाट्यानं, करायचं. कापसाची ती वाईट वर्षं होती. बियाणं बदललं, बोंडातली अळी बदलली, औषधं बदलली, पण फवारणी तेवढी वाढतच गेली. कापसाची पऱ्हाटी डोक्याएवढी व्हायची आणि माणूस तिच्यात पाठीवर पंप घेऊन शिरायचा. वर्तमानपत्रांत रोज फवारणीच्या विषबाधेचं काहीतरी असायचं. मॅडम ते वाचायच्या, कात्रण काढायच्या नाहीत आणि मोज्यांकडे वळायच्या. मोजे झाले तसे पहिला जोड त्यांनी वासुदेवाला नेऊन दिला.

महिन्याभरानं आम्ही दोघी लूनावरून तिकडे गेलो. वावरात शिरता शिरता मॅडमनी लूना थांबवली. पऱ्हाटीत बुजगावणं उभं होतं आणि त्यानं दोन्ही हातांत मॅडमचे मोजे घातले होते. दोन्ही उजवे.

वासुदेव ओशाळला. मला वाटलं आता याची खरडपट्टी निघणार. मॅडमनी फक्त विचारलं, "काहून बाप्पा?"

वासुदेवानं सांगितलं, की आत घाम साचतो, नळी हातातून सटकते, आणि थोड्या वेळानं आपला हात आपला वाटत नाही. मॅडमनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मोजे चढवले. ते घालून लूना चालवली, खडूनं फळा भरून सूत्रं लिहिली, स्टाफरूममध्ये वरण-भात कालवून खाल्ला. प्राचार्य समोरच बसले होते, त्यांनी डबा बंद केला. संध्याकाळी मोजे काढले तेव्हा त्यांचे हात दिवसभर धुणं धुतल्यासारखे पांढरे आणि सुरकुतलेले झाले होते. त्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "बुजगावन्याचंच बरं हाये. त्याले घाम येत नाही." आणि त्या दिवसापासून मोजे बंद.

त्यानंतर चारेक महिने मामा आणि माती दोन्ही तशीच पडून होती. मॅडम चिडचिडायच्या. मला तर वाटलं की प्रकरण संपलं. बादल्या रिकाम्या होतील, अशी मला आशाही होती.

पुढच्या हंगामात एका दुपारी शेवंताचा निरोप आला. वासुदेव फवारताना वावरातच पडला होता. त्याला यवतमाळला दवाखान्यात आणलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्याला दिसत कमी होतं, तोंडाला फेस येऊन गेला होता, हातपाय थरथरत होते. डॉक्टर म्हणाले, वाचेल, पण आज काही विचारू नका. शेवंता भिंतीला टेकून बसली होती. मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पंप कुठी हाये?"

शेवंतानं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. नवरा मरता मरता राहिलाय आणि मालकीणबाई पंपाची चौकशी करतायत! तिनं तोंड फिरवलं. वावरात पडला आहे, एवढंच सांगितलं. नातेवाइकांपैकी एक जण म्हणाला, की नवा घेऊन देता येईल बाई, मानूस पाहा आधी. मॅडम उठल्या, तशाच लूनावर बसून राळेगावच्या रस्त्याला लागल्या.

पंप त्यांनी ओसरीवर आणून सगळा सुटा केला. नाकाला फडकं बांधलं होतं, हातात मोजे होते आणि मला त्यांनी दारापलीकडेच थांबवलं होतं. टाकीच्या खाली नळी जिथं बसते, तिथलं वायसर त्यांनी चिमट्यानं बाहेर काढलं. ते काळं रबरी कडं भिजलेल्या पापडासारखं फुगून लुळं पडलं होतं. औषधात जे तेल असतं ते पिऊन पिऊन त्याची ही दशा झाली होती. जोडातून औषध झिरपत होतं, ते टाकीच्या बुडावरून थेट पाठीवर. दिवसभर वासुदेवाची पाठ ओली होती आणि त्याला तो घामच वाटत असणार.

मॅडम ते वायसर समोर ठेवून बसल्या. म्हणाल्या, "वावर माहं. पंप म्याच घेऊन देल्ला. अन मी हाताले मोजे करत बसलती."

मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले. त्यांनी ते ऐकलं नाही. त्या वायसरचं माप घेत होत्या.

पांढरकवड्याला हायवेवर रज्जाकभाईंची शेड होती. ट्रकला लागणारे रबरी बूश, पट्टे, चकत्या तिथं बनत. दोन लोखंडी रूळ एकमेकांवर फिरायचे आणि त्यांच्यामधून रबर मळून निघायचं. मॅडम जुन्या साडीत रबराच्या पोळ्या आणि डब्यात मातीचा वाळलेला गाळ घेऊन तिथं हजर झाल्या. रज्जाकभाईंनी सगळं ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि म्हणाले, "मॅडम, रबरातली माती काढन्यात माही जिंदगी गेली. आता तुम्ही म्हन्ता टाका."

पहिल्या खेपेला मॅडमनी घाईनं कोरडी माती तशीच टाकायला लावली. गोटे रुळांत अडकले आणि रज्जाकभाईंना निम्मा दिवस खरवडत बसावं लागलं. ते रागावले नाहीत, पण जेवायलाही थांबा म्हणाले नाहीत. दुसऱ्या खेपेला मॅडम मामाला घेऊन गेल्या. माती आधी चिकाच्या पाण्यातच भिजवून मामासकट पोळी केली होती आणि ती साध्या रबरात मळायची होती. रूळ फिरले, आणि पलीकडून गुळगुळीत तपकिरी पत्रा उतरू लागला. रज्जाकभाईंनी त्याची एक पट्टी कापून दोन हातांनी ताणली, उजेडाला धरली, परत ताणली. मग पोराला हाक मारून मॅडमसाठी चहा सांगितला. त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जेवलो.

वायसर तयार झालं तरी मॅडमचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते त्यांनी कित्येक दिवस रॉकेलमध्ये मुरत ठेवलं, मग धुऊन पुसून पंपात बसवलं. टाकीत कपड्यांची नीळ कालवलेलं पाणी भरलं आणि स्वतः पांढरी साडी नेसून पंप पाठीवर घेतला. मग कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या. पोरं गच्चीवर जमली. प्राचार्यांनी मला बोलावून हे काय चाललं आहे, असं विचारलं. मी म्हटलं, सर, फवारणी. पहिल्या दिवशी मॅडमच्या पाठीवर निळा डाग पडला, कारण वायसरची कड नीट कापली गेली नव्हती. त्या पुन्हा पांढरकवड्याला गेल्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी गच्चीवरून एका पोरानं ओरडून सांगितलं, "मॅडम, पांढरी हाये!" आणि सगळ्या कॉलेजानं टाळ्या वाजवल्या. मॅडमनी त्याला वर्गात लक्ष देण्याविषयी सुनावलं, पण लंगडत घरी येताना गुणगुणत होत्या.

या कामावर त्यांच्या नावानं कुठं काही छापून आलं नाही. छापायचं म्हणून त्या लिहायला बसायच्या आणि मातीच्या वर्णनातच पानं संपायची. पण त्या भागातले लोक पुढं बरीच वर्षं रज्जाकभाईंकडे येऊन 'मातीचं वायसर द्या' म्हणून मागत. ते कुणी केलं, हे मागणाऱ्याला माहीत नसे. मॅडमला ते कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की मामा बरोबर टाकतात ना? आता मॅडमही नाहीत, रज्जाकभाईही नाहीत. मी निवृत्त होऊन साताऱ्याला परत आलेय. त्यांची आठवण निघाली की मला दिसते ती त्यांच्या वावरातली एक दुपार.

वासुदेव बरा झाला होता. फवारणीचा हंगाम आला, तशी शेवंता घरी येऊन सांगून गेली की तो पंपाला हात लावणार नाही. पण पऱ्हाटीवर अळी चढली आणि वासुदेवच ऐकेना. शेवंता मॅडमला म्हणाली, "बाई, तुमच्या त्या चकतीवर माहा भरोसा नाही." मॅडम म्हणाल्या, "माहाही नाही. म्हनून मी येऊन राह्यली."

नाकातोंडाला फडकी बांधून आम्ही तिघी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभ्या राहिलो. वासुदेव ओळीओळीनं गेला. ऊन असं होतं, की पलीकडच्या झाडांच्या कडा हलत होत्या. आजूबाजूच्या वावरांतले लोकही काम टाकून पाहत होते. टाकी रिकामी झाली तसा तो परत आला आणि पंप खाली ठेवला. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. शेवंतानं तो पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"पाठ कर," मॅडम म्हणाल्या. वासुदेव वळला. मॅडमनी सगळ्यांदेखत त्याचा शर्ट वर केला आणि तळहात त्याच्या पाठीच्या मधोमध दाबून धरला. वासुदेव लाजून पऱ्हाटीत शिरायच्या बेतात होता. मॅडमनी हात काढला. तो ओला होता. त्यांनी फडकं खाली ओढून तो नाकाला लावला, थांबल्या, पुन्हा लावला. त्यांना स्वतःची खात्री वाटेना. मग त्यांनी तो तसाच शेवंतापुढं धरला.

शेवंतानं वाकून वास घेतला. तिनं त्या पाठीचा वास लग्न झाल्यापासून ओळखलेला.

"घाम हाये," ती म्हणाली. "निसता घाम हाये, बाई."

मॅडम धुऱ्यावर मटकन खाली बसल्या. मग वासुदेवाकडे न पाहताच म्हणाल्या, "आता शर्ट खाली कर बाप्पा. लोकं पाहून राह्यले."